फोर्टमधला मलेरिया वॉक: विहिरींना पाच स्टार, स्पीकरला शून्य

आधीच सांगते, हा वॉक आम्ही काही शोधून काढला नव्हता. जुलैमध्ये आमच्या सोसायटीला गच्चीवरच्या टाकीचं झाकण धड नाही म्हणून महापालिकेची कलम ३८१ची (डासांची पैदास होऊ दिल्याबद्दलची) नोटीस आली, मग कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस नुसतं महाभारत, झाकण कोणाच्या खर्चाने, टाकी ए विंगच्या डोक्यावर आहे म्हणजे पैसे ए विंगने द्यायचे का, पाणी तर दोन्ही विंग पितात वगैरे वगैरे, आणि त्या रणधुमाळीत कोणीतरी वैतागून ह्या वॉकची जाहिरात टाकली आणि खाली लिहिलं, जा एकदा सगळे शिकून या. टोमणाच होता तो. पण आमच्या अण्णांनी (सासरे, वय ८२) तो मनावर घेतला. अण्णांची अख्खी नोकरी महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात गेली, दादर-परळच्या किती गच्च्यांवर शिडी लावून चढलेत त्याला हिशोब नाही, त्यामुळे पोस्टरवर "इंग्रजांनी मुंबईतला मलेरिया कसा संपवला" वाचल्यावर ते म्हणाले, "अगं, संपवला? मग मी छत्तीस वर्षं काय करत होतो?" झालं, दोन तिकिटं काढली.

तिकीट माणशी ६०० रुपये, सीनियर सिटिझनला सूट नाही, यूपीआयने आगाऊ. २० ऑगस्टला जागतिक डास दिन असतो म्हणून त्याच्या जवळचा रविवार धरलेला, सकाळी साडेसातला चर्चगेट स्टेशनबाहेर. आम्ही सव्वासातला हजर, गाइड पाच मिनिटं कमी आठला. पाऊस भुरभुरत होता, आम्ही अठरा जण, आणि त्याचा तो कमरेला लावायचा स्पीकर पहिल्या दहा मिनिटांतच घरघरायला लागला. मागे उभ्या असलेल्यांना अर्धं ऐकू येईना. पोरगा चांगला आहे हं, इतिहासात एमए केलंय म्हणाला, वाचन आहे, उत्साह आहे, पण स्पीकर चार्ज करून आणायला काय होतं.

सुरुवातीला जवळजवळ अर्धा तास फक्त रोनाल्ड रॉस. आता रॉस मोठा माणूस, वाद नाही. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटाच्या भिंतीवर मलेरियाच्या जंतूचे गोळे दिसले, आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने दाखवून दिलं की रोग डासाच्या चावण्यातूनच जातो. १९०२ला नोबेल. हे सगळं बरोबरच सांगितलं त्याने, पण ह्यातलं मुंबईत काहीच घडलेलं नाही, आणि आम्ही छत्री धरून चर्चगेटच्या फुटपाथवर उभे. एकच गोष्ट सगळ्यांना आवडली, ती म्हणजे एवढा शोध लावल्यावर महिन्याभरात सरकारने रॉसची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली, जिथे त्याला हवा तसा मलेरियाच नव्हता. अण्णा एवढ्या मोठ्याने हसले की गाइड थांबला. "खातं कुठलंही असू दे," म्हणाले, "काम करणाऱ्याची बदली ठरलेली."

खरा वॉक सुरू झाला तो भीखा बेहराम विहिरीपाशी. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची ही विहीर १७२५ची, बाजूने लोकलची गर्दी वाहते आणि मध्येच ही शांत जागा. आत फक्त पारशांना प्रवेश, त्यामुळे आपण बाहेरूनच बघायचं, हे पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं आणि दोघातिघांची त्यावरून कुरकुर झाली. पारशी नववर्ष नुकतंच होऊन गेलेलं, आत फुलांच्या माळा दिसत होत्या. आमच्या ग्रुपमधल्या एक पारशी बाई डोक्यावर रुमाल बांधून आत जाऊन आल्या आणि मग गाइडला बाजूला सारून त्यांनीच आम्हाला सांगितलं की अग्यारीतल्या विधींना नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचंच लागतं, आणि विहिरीपाशी दिवा लावायची पद्धत त्यांच्या घरी आजीपर्यंत होती.

हे सांगायचं कारण म्हणजे पुढची गोष्ट. फोर्टात, गिरगावात तेव्हा बऱ्याच घरांच्या अंगणात, कधी अगदी घराच्या पोटात विहीर असायची. विहारचं नळाचं पाणी १८६०पासून मुंबईत आलेलं, मग १८७९ला तुळशी, १८९२ला तानसा, तरी विहिरी काही कोणी सोडल्या नाहीत. आणि मुंबईत मलेरिया पसरवणारा जो डास आहे, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, त्याला हेच पाहिजे, गटार नको, चिखल नको, स्वच्छ थंड साठवलेलं पाणी, थोडी सावली. ह्या डासाचं शास्त्रीय वर्णन १९०१मध्ये लिस्टन नावाच्या डॉक्टरने केलं, तोच लिस्टन जो पुढे परळच्या प्लेगच्या लॅबमध्ये होता. १९११मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियावर सरकारला रिपोर्ट दिला आणि त्यात बोट थेट विहिरींवर ठेवलं, बुजवा नाहीतर घट्ट झाका. आणि शहरभर बोंब उठली.

इथे मात्र गाइड रंगला. पारशी म्हणाले आमचे विधी बुडतील, हिंदू म्हणाले पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, शिवाय विहिरीत कोणी ना कोणी राहतंय अशी समजूत होतीच, देव, पीर, सांब, जे काय असेल ते, त्याच्या डोक्यावर लाकडी फळी ठोकायची म्हणजे कोप ओढवून घेणं. पालिकेच्या नोकरीत असलेले रुस्तम मसानी ह्यांनी तर ह्या सगळ्या समजुती गोळा करून १९१८मध्ये विहिरींच्या लोककथांवर पुस्तकच काढलं. मग मधला मार्ग म्हणून झाकणात जाळीचं छोटं दार ठेवायचं, विधीपुरतं पाणी काढायचं आणि परत लावायचं असं काही ठिकाणी ठरलं. आणि ते दार कोणी परत लावायचंच नाही. गाइड हे सांगत असताना मी अण्णांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते, दोघांच्या मनात आमच्या गच्चीवरचं झाकण. त्यावर भांडणारे ए विंगवाले काय आणि १९११चे फोर्टातले मालक काय, कोप तेवढा बदलला, आता देवाऐवजी मेंटेनन्सचं बिल.

विहिरींचा हा भाग जेमतेम वीस मिनिटांत आटोपला. रॉसला अर्धा तास आणि विहिरींना वीस मिनिटं, हे उलटं पाहिजे होतं. माझी मुख्य तक्रार हीच आहे, स्पीकर वगैरे जाऊ द्या.

फ्लोरा फाउंटनकडून आत वळल्यावर एका गल्लीत इमारतीचं दुरुस्तीचं काम चालू होतं, बाहेर निळा प्लॅस्टिकचा ड्रम, अर्धा पावसाच्या पाण्याने भरलेला. गाइड कारंजी आणि डास असं काहीतरी सांगत पुढे गेला, अण्णा मात्र ड्रमपाशी थांबले. मला वाटलं दम लागला. जवळ गेले तर म्हणतात, "चहाचा कप आहे का कोणाकडे? पांढरा." एका मुलीकडे कागदी कप निघाला. अण्णा सूर्याची दिशा बघून (ऊन नव्हतंच म्हणा, पण सवय) ड्रमच्या पलीकडच्या बाजूला गेले, म्हणजे स्वतःची सावली पाण्यावर पडायला नको, सावली पडली की अळ्या बुडी मारतात, आणि कप तिरका धरून अगदी हळू, चमच्याने साय काढावी तसा, कडेकडेने पाणी घेतलं. कपात सात-आठ अळ्या. सगळा ग्रुप परत मागे आला. "आता बघा," म्हणाले, "ह्या डोकं खाली करून लटकल्यात ना, पाण्यात उलट्या टांगल्यासारख्या? ह्या मलेरियावाल्या नव्हेत. मलेरियाची अळी लटकत नाही, पाण्याच्या वर सपाट आडवी पडून राहते, काडीसारखी. ती दिसली की समजायचं, इथे साहेब येणार." मुलांनी फोटो काढले, रील काढलं, तो पोरगा गाइडसुद्धा गुडघ्यावर बसून कपात बघत होता आणि खरं सांगू का, त्याने हे पहिल्यांदाच बघितलं असावं. मग अण्णांनी तिथल्या वॉचमनला बोलावून ड्रम उपडा करायला लावला, तो म्हणाला साहेब पाणी लागतं कामाला, अण्णा म्हणाले मग झाकण आण. ह्या दहा मिनिटांचे ६०० रुपये खरं तर आयोजकांनी आम्हाला द्यायला हवेत.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून जो भाग झाला तो ऐकायला जड पण कामाचा होता, कारण तिथे गाइडने मुंबईबाहेर नेलं. इंग्रज सरकारने मलेरियासाठी काय केलं ह्याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. आफ्रिकेत सिएरा लिओनला फ्रीटाउनमध्ये त्यांनी डास मारण्यापेक्षा गोऱ्यांनाच उचलून डोंगरावर नेलं, १९०४ला हिल स्टेशन नावाची वेगळी वस्ती आणि तिच्यासाठी वेगळी रेल्वे. तर्क असा की काळ्या मुलांच्या रक्तात जंतू असतात, तेव्हा रात्री त्यांच्यापासून लांब झोपा. हा सल्ला देणाऱ्यांत जो स्टीफेन्स नावाचा शास्त्रज्ञ होता, त्याचंच नाव आपल्या टाकीतल्या डासाला आहे, स्टीफेन्सी. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्पच. तेव्हाच लागोसचा गव्हर्नर मॅकग्रेगर मात्र म्हणाला मी माणसं वेगळी करणार नाही, दलदली भरू आणि क्विनाइन (मलेरियावरचं औषध) सगळ्यांना देऊ. म्हणजे साहेब सगळे एका माळेचे मणी नव्हते.

आणि हिंदुस्थानात? लाहोरजवळ मियाँ मीरच्या छावणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोग झाला, खड्डे भरले, कालव्यांचे पाट साफ केले, आणि काही वर्षांनी सरकारी डॉक्टर म्हणाले, बघा डास मारून मलेरिया जात नाही, फुकट खर्च. रॉस भडकला, त्याचं म्हणणं की पैसाच इतका कमी लावलात आणि जागा इतकी छोटी घेतलीत की दुसरं काय होणार. १९०९ला सिमल्याला परिषद भरली तोवर आदल्याच वर्षी पंजाबात मलेरियाची साथ येऊन तीन लाखांच्या आसपास माणसं गेलेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. शेवटी स्वस्तात काय पडतं तर क्विनाइन वाटणं, गटारं बांधणं नाही, हा धडा सरकारने घेतला आणि तो त्यांना सोयीचाच होता.

बॅलार्ड इस्टेटला पोचेपर्यंत साडेदहा. पोस्टरवर वेळ तीन तास लिहिलेली, ती संपायला आली तरी दोन ठिकाणं बाकी, मग गाइड धावायला लागला. आता ही जागा तर ह्या विषयाचं नाक आहे. अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीने भर घालून ही अख्खी इस्टेट उभी राहिली, गोदी १९१४ला सुरू झाली, आणि त्या खणकामाच्या वर्षांतच मजुरांत आणि आसपासच्या वस्तीत ताप भडकला, म्हणून तर बेंटलीला बोलावलं. गोदी सरकारची, खड्डे तिथले, आणि नोटीस विहिरीवाल्याला. बेंटलीचं निदान चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, विहिरींत डास होतेच. पण जहाजं थांबतील, माल अडेल ही भीती नसती तर सरकारला गिरगावातल्या तापाचं एवढं पडलं असतं का, हा प्रश्न एका काकांनी विचारला आणि गाइड म्हणाला छान प्रश्न आहे, चला पुढे जाऊ. अहो, उत्तर द्या ना. गंमत म्हणजे हाच बेंटली पुढे बंगालमध्ये गेला आणि १९२५मध्ये त्याने लिहिलं की रेल्वेच्या बांधांनी नद्यांचं पाणी अडलं आणि मलेरिया वाढला, म्हणजे सरकारच्याच कामाकडे बोट. हे गाइडने सांगितलं नाही, घरी येऊन मी वाचलं.

शेवटचा थांबा जीपीओ, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस. इमारत १९१३ची, ती बघायलाच लोक येतात, पण इथे आणण्याचं कारण क्विनाइनच्या पुड्या. बंगालमध्ये १८९२पासून पोस्टात एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळायची, पुढे इतर प्रांतांतही ही पद्धत गेली. कार्ड घ्यायचं, तिकीट घ्यायचं, जाता जाता पुडी. अण्णा अजून त्याला कोयनेलच म्हणतात, लहानपणी कोकणात आई गुळाच्या खड्यात दाबून द्यायची, गूळ आधी विरघळायचा आणि मग जे तोंड व्हायचं ते व्हायचं. ह्या क्विनाइनचं झाड, सिंकोना, दक्षिण अमेरिकेतलं, इंग्रजांनी १८६०च्या सुमारास ते निलगिरीत लावलं, मग दार्जिलिंगकडे. पण सगळ्यात कडक सालीचं बी १८६५ला लेजर नावाच्या व्यापाऱ्याने आणलं तेव्हा इंग्रज सरकारने ते घेतलं नाही, डचांनी किरकोळ पैशात घेतलं आणि जावात लावलं, नंतर जगातलं जवळजवळ सगळं क्विनाइन डचांच्या हातात. पैसे वाचवायला गेले आणि कायमचे गिऱ्हाईक झाले.

पोस्टरवर "क्विनाइन टेस्टिंग" असं मोठ्या अक्षरात होतं. ते म्हणजे कागदी कपात दोन घोट टॉनिक वॉटर, तेही कोमट. पण एक करामत त्याने भारी केली, नोटा तपासायचा तो जांभळा दिवा काढला, सगळ्यांना छत्र्या जवळ करून अंधार करायला लावला आणि बाटलीवर मारला, आणि पाणी निळं चमकायला लागलं, अगदी ट्यूबलाइटसारखं. ते क्विनाइन. लहान मुलं तर नाचलीच. त्यावर गाइड जे बोलला की म्हणून साहेब लोक संध्याकाळी जिन-टॉनिक पिऊन मलेरियापासून वाचायचे, ते मात्र नुसतं ऐकायला बरं आहे. अमेरिकेत टॉनिकमध्ये लिटरला ८३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनाइन घालायला बंदी आहे आणि मलेरियाच्या पेशंटला एका वेळेचाच डोस सहाशे मिलिग्रॅमचा, दिवसातून तीनदा. म्हणजे तेवढं टॉनिक प्यायचं तर आधी मलेरियाने नाही, जिनने जाल.

आता पोस्टरच्या "संपवला" ह्या शब्दाबद्दल. अण्णांनी शेवटी हात वर करून विचारलंच. गाइड प्रामाणिक निघाला, म्हणाला पोस्टर मी नाही बनवलं. १९२८मध्ये कोव्हेल नावाच्या अधिकाऱ्याला मुंबईच्या मलेरियावर परत रिपोर्ट द्यावा लागला, बेंटलीनंतर सतरा वर्षांनी, आणि परत त्याच विहिरी, त्याच टाक्या. अण्णांच्या मते गावाकडचा हिवताप खरा हटला तो डीडीटीने. १९४६ला मुंबई प्रांतातल्या कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन ह्यांनी घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारायला घेतलं, आणि १९५३ला देशभर कार्यक्रम सुरू झाला. अण्णांच्या गावात डीडीटीवाले आले तेव्हा ते अकराएक वर्षांचे, भिंतींवर पांढरे डाग महिनोन्‌महिने राहिले आणि सारवायला मनाई, त्यावरून आजीने फवारणीवाल्याला झाडू दाखवला होता. वॉकमध्ये डीडीटीचं नावही नव्हतं. पण ते मी धरत नाही, विषय इंग्रजांपुरता होता.

बाकीचं फटाफट सांगते. चार तासांत टॉयलेटचा थांबा एकही नाही, बायकांनी आणि वयस्कर लोकांनी चर्चगेटलाच उरकून घ्या. चप्पल नको, बूट घाला, फोर्टातले फुटपाथ तुम्हाला माहीत आहेत. फोटोंची आणि नकाशाची पीडीएफ मेलवर येईल म्हणाले होते, दोन आठवडे झाले, आलेली नाही, मेसेज केला तर अंगठा आला. ओडोमॉस स्वतःचं न्या, मलेरियाच्या वॉकमध्ये मला चार डास चावले (अण्णा म्हणाले दिवसा चावले ना, मग ते मलेरियाचे नव्हेत, डेंग्यूचे असतील, हे ऐकून किती बरं वाटलं काय सांगू). नंतर इराण्याकडे बनमस्का आणि चहा खाल्ला-प्यायला, त्याचे पैसे वेगळे, ते वसूल झाले.

माझे साडेतीन स्टार. एक स्टार स्पीकरचा आणि उशिराचा कापला, अर्धा पोस्टरचा. विहिरींवरच वेगळा वॉक काढला तर मी परत येईन, डबल पैसे देईन.

आणि हो, झाकण बसलं. वॉकनंतरच्या रविवारी अण्णा गच्चीच्या शिडीखाली खुर्ची टाकून बसले आणि सेक्रेटरीला वर चढवला, "आत बघ, सावली पाडू नकोस" असं खालून ओरडत. नवीन झाकण आलं, खर्च दोन्ही विंगमध्ये निम्मा निम्मा. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावायची मात्र अजून राहिलीय, कारण ए विंगचं म्हणणं आहे की तो पाइप बी विंगच्या बाजूला निघतो.